घडीची खूण समजून पुसलेली हद्द

आमच्या धंद्यात तुटक रेघ म्हणजे घडी. मिठाईचा खोका असो, औषधाचं पाकीट असो की लग्नाची पत्रिका, तुटक रेघ दिसेल तिथे कागद दुमडायचा आणि सलग रेघ दिसेल तिथे कापायचा. बहरीनला आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला हे शिकवलं आणि नंतरच्या चौदा वर्षांत कोणी वेगळं सांगितलं नाही. मी नववीतून शाळा सोडलेला. तुटक रेघेचे आणखी काही अर्थ पुढच्या इयत्तांच्या भूगोलात असतीलही, माझ्यापर्यंत ते पोचले नाहीत.

आमचं दुकान मआमीरला, कारखान्यांच्या कडेला. दुकान कसलं, पत्र्याची लांब शेड. एका टोकाला मोठ्या रोलवर छापणारं यंत्र, दुसऱ्या टोकाला स्टिकर कापणारा प्लॉटर, मध्ये लांब टेबल, आणि टेबलाशी मी. सित्राच्या तेलटाक्यांकडून वारा सुटला की दार लावून घ्यावं लागतं, नाहीतर जेवणाच्या डब्यालाही तेलाचा वास येतो.

इथे मला आणलं ते आमच्या साहेबांनी. ते सुपरवायझर, मूळचे पुण्याचे, डिप्लोमा झालेले. माझी आधीची कंपनी एका सकाळी कुलूप लावून मोकळी झाली आणि माझ्या व्हिसाचे थोडेच दिवस उरले होते. तेव्हा अरबाब, म्हणजे आमचे बहरीनी मालक, माझ्या शिक्षणाचा कागद मागत होते. साहेब त्यांना म्हणाले, "नववी असला तरी हात सरळ आहे याचा." त्या एका वाक्यावर मी इथे उभा आहे, गावाकडे घराला स्लॅब आहे, धाकटी लेक नर्सिंगला आहे. मी हे विसरलेलो नाही. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे मी रागाने लिहिणार आहे, आणि राग आलेला माणूस म्हणजे कृतघ्न माणूस असं लोकांना चटकन वाटतं.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी एक बाई पेन ड्राइव्ह घेऊन आली. अंगावर दवाखान्याचे निळे कपडे, ड्युटीवरून थेट आलेली. रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. तिचं अरबी आमच्या कानाला सवयीचं नव्हतं आणि इंग्रजी माझ्याइतकंच जेमतेम, त्यामुळे आमचं चांगलं जमलं. तिच्या मुलीच्या शाळेत गुरुवारी देशोदेशीचा कार्यक्रम होता. प्रत्येक मुलाने एका टेबलावर आपल्या देशाचं खाणं मांडायचं आणि मागे नकाशा लावायचा. तिला आफ्रिकेच्या वायव्य भागाचा नकाशा हवा होता, दोन मीटर रुंद, बोर्डावर चिकटवलेला. नावं छापायची नव्हती. नावं मुलगी स्वतःच्या अक्षरात लिहिणार होती.

प्रूफ मी तिच्या मोबाइलवर पाठवलं, तिने होकाराचा अंगठा पाठवला. छापायच्या आधी फाइल साफ करायची ही आमची रीत. लोक खुणा, मापं, फालतू रेघा तशाच ठेवून फाइल देतात. मी साफ करायला बसलो. सगळ्या हद्दी सलग होत्या, एकच तेवढी तुटक. स्टिकरला कसली आलीय घडी, असं म्हणून मी त्यातल्या एका तुकड्यावर क्लिक केलं, सगळे तुकडे एकदम निवडले गेले, डिलीट. पाच सेकंदही लागले नसतील. मग छापलं, वर प्लास्टिकचा थर चढवला. समुद्राचा निळा असा सुरेख उतरला की मी दोनदा मागे सरकून बघितला.

मंगळवारी ती न्यायला आली. मी बोर्ड टेबलावर आडवा ठेवला. तीही आधी निळ्यावरच खूश झाली. मग तिचं बोट समुद्राच्या काठाकाठाने खाली येत गेलं आणि थांबलं.

"वेन?" तिने विचारलं. कुठाय?

"काय कुठाय, मॅडम?"

"माय कंट्री."

मी वाकून पाहिलं. वरचा मोठा देश मोरोक्को, तो पार खालपर्यंत उतरला होता. त्याला लागून मॉरिटानिया. मध्ये काही नव्हतं. स्क्रीनवर रविवारी जे होतं आणि बोर्डावर जे नव्हतं त्यातला फरक माझ्या ध्यानात आला.

साहेब काचेच्या केबिनमधून आले. त्यांनी प्रूफ पाहिलं, बोर्ड पाहिला, माझ्याकडे पाहिलं.

"प्रूफनंतर फाइलला हात कशाला लावलास?"

"घडीची खूण वाटली, साहेब."

"घडीची!" ते हसले. "आफ्रिका काय दुमडून खिशात घालणार होतास?"

मग बाईकडे वळून इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, छोटीशी लाइन आहे. नोबडी विल नोटीस."

"आय नोटीस," ती म्हणाली.

ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणारं गिऱ्हाईक आम्हाला सांभाळता येतं. पण ती स्टूल ओढून बसली आणि बोर्डाकडे बघत राहिली. साहेबांनी सांगितलं की यंत्र गुरुवारपर्यंत मोकळं नाही, सीफच्या मॉलमधल्या सेलचे फलक चालू आहेत, पुन्हा छापणं मफी, म्हणजे नाहीच. शेवटचा शब्द त्यांनी जरा जोरात म्हटला. मला मराठीत म्हणाले, "आणि खरं सांगू? गेली ती बरंच झालं. वादाचं प्रकरण आहे ते. उद्या कोणी फोटो काढला, कोणी बोट दाखवलं, तर खाली कोपऱ्यात नाव आपल्या दुकानाचं आहे. आपण परक्या मुलखात पोट भरायला आलोय बाबा." मी "बरं साहेब" म्हटलं आणि ते केबिनमध्ये गेले.

मी तिला चहा दिला. माफी मागितली, हात जोडून. तिने विचारलं, "तुला माहीत आहे, ही जागा कुठली?" मी नाही अशी मान हलवली. मग तिने बोटाने दाखवत सांगितलं. थोडं मला तेव्हा कळलं, थोडं मी नंतर फोनवर शोधून जुळवलं.

पश्चिम सहारा. सगळं वाळवंट, नदी म्हणून नाही, पाऊस नावापुरता. पण एका बाजूला मोठा लांब समुद्रकिनारा आणि त्यात मासळी अशी की दुरून दुरून बोटी येतात. जमिनीखाली फॉस्फेट, खतात घालतात ते. खाणीपासून समुद्रापर्यंत शंभरेक किलोमीटरचा पट्टा आहे, त्यावरून ती पांढरी माती सरकत जाते आणि जहाजात पडते. आधी तिथे स्पेनचं राज्य होतं. स्पेन गेलं, त्या धामधुमीत मोरोक्कोने बहुतेक भाग ताब्यात घेतला, लढाई झाली, आणि हिची आई पोटुशी असताना वाळवंट तुडवत अल्जीरियाच्या हद्दीत गेली. तिथे छावण्या पडल्या. पन्नास वर्षं होत आली, छावण्या आहेत तिथेच आहेत. ही तिथलीच, मातीच्या विटांच्या खोलीत जन्मलेली. छावण्यांना नावं दिलीत ती त्या सोडून आलेल्या गावांची, म्हणजे नाव तरी मुलांच्या तोंडात राहावं. मधोमध वाळूची भिंत उभी केलीय, दोन हजार किलोमीटरांहून लांब, आणि भिंतीच्या कडेने जमिनीत सुरुंग. लोकांचं मत घेऊ, त्यांना मोरोक्कोत राहायचंय की वेगळं, असं जगाने कबूल केलं त्यालाही तीस वर्षांच्या वर झाली. मत अजून घेतलेलं नाही.

"मी आमचा समुद्र पाहिलेला नाही," ती म्हणाली. शिकायला तिला क्यूबाला पाठवलं होतं, नोकरी स्पेनमध्ये मिळाली, पासपोर्ट तिथला झाला, आणि आता ती इथे बुसैतीनला राहते. बाल्कनीतून समुद्र दिसतो, पण तो दुसऱ्यांचा. तिच्या सीपीआर कार्डावर, म्हणजे इथल्या ओळखपत्रावर, देश म्हणून स्पेन लिहिलंय. मुलीच्याही.

मी म्हटलं, "मॅडम, मी सलग रेघ लावून देतो. जाड, काळी."

"नो. तुटकच." तिने टेबलावर बोटाने टक टक टक असे ठिपके मारले. "सलग मी लावली तर लोक म्हणतील खोटा नकाशा. तुटक म्हणजे अजून ठरलेलं नाही. अजून ठरलेलं नाही, एवढं तरी राहू दे."

उद्या संध्याकाळी येते म्हणून बोर्ड ठेवून ती गेल्यावर माझं कामात लक्ष लागेना. स्वतःचा राग होताच. पण तो एकटाच नव्हता. ज्यांना तिथली मासळी हवी त्यांच्या बोटींना ते ठिकाण बरोबर सापडतं. फॉस्फेटच्या जहाजांना सापडतं. भिंत बांधणाऱ्याला इंच इंच सापडलं. आमच्या यवतमाळकडे खताची पोती उतरतात त्यात तिथला कण आहे की नाही मला सांगता यायचं नाही, पोत्यावर तसं लिहिलेलं नसतं. माल कुठून उचलायचा हे सगळ्यांना कळतं, आणि तिथली माणसं कोण हे विचारलं की सगळ्यांना एकदम भूगोल कठीण वाटायला लागतो! मी तर नववीचा, माझं एक सोडा. पण शिकलेल्या माणसाने म्हणावं, छोटीशी लाइन?

आणि कोणी म्हणावं? दोन वर्षांपूर्वी प्रजासत्ताक दिनाच्या कार्यक्रमाचे फलक आमच्याकडे आले होते. त्यात आपल्या देशाचा नकाशा कुठल्यातरी परदेशी वेबसाइटवरून उतरवलेला, वरचा भाग तुटक रेघांनी वेगळा केलेला. छापून झाल्यावर साहेबांना तो दिसला. सगळा माल त्यांनी फाडायला लावला. "देशाचा नकाशा आहे, भाजीची पिशवी नाही!" असं ओरडले होते, कानशिलं लाल झाली होती. मीही फाडला, दातओठ खाऊन फाडला. त्या दिवशी आमच्यापैकी कोणालाच ती लाइन छोटी वाटली नव्हती.

माझं डोकं फिरायला आणखीही एक कारण होतं, ते मी इथे कोणाला सांगितलेलं नाही. लहानपणी वडिलांबरोबर तलाठ्याकडे गेलो होतो, घराची जागा नावावर करायला. भिंतीवर गावाचा नकाशा होता. देऊळ होतं, शाळा होती, पाटलाची विहीरसुद्धा होती. आमची वस्ती, जिथे साठ-सत्तर चुली पेटत, तिथे कोरा कागद. वडिलांनी विचारलं तर तलाठी म्हणाला, "तुमचं अजून मोजणीत आलं नाही." वडील ज्या आवाजात "बरं साहेब" म्हणाले तो मला तेव्हा आवडला नव्हता, आणि मंगळवारी मीही त्याच आवाजात साहेबांना बरं म्हटलं होतं.

संध्याकाळी बायकोचा फोन आला. ती दहावी पास, त्यामुळे घरात शिकलेली तीच. मी सगळं सांगितलं.

"अहो, ते रेघ तुमच्या बापाची हाय का?" ती म्हणाली.

"पुसली तर मीच ना."

"मंग काऊन पुसली? डोये कुठं होते? आन आता सायबाच्या इरुद्ध जाऊन लावान, तं व्हिसा कोण करून देइन? ते बाई?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तिची पोरगी केवढी हाय?" तिने जरा वेळाने विचारलं.

"पाचवीत."

"बापा." मग पुन्हा जरा थांबून, "लावा तिकडं. पण सायबाले तोंड देऊ नका. तुमची जीभ एकदा सुटली का आवरत नाही." हे मात्र खोटं. चौदा वर्षांत माझी जीभ इथे एकदाही सुटली नव्हती.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी डबा न उघडता बसलो. काळ्या स्टिकरचे उरलेले तुकडे कोपऱ्यातल्या खोक्यात असतात, फेकायचेच. प्लॉटर साहेबांच्या नजरेसमोर, म्हणून पट्टी आणि कटर घेऊन हातानेच तुकडे कापले, तांदळाच्या दाण्याएवढे लांब, सगळे सारखे. मूळ फाइल स्क्रीनवर ठेवली आणि चिमट्याने एकेक तुकडा लावत गेलो. पूर्वेकडे थोडं अल्जीरियाला टेकून रेघ सुरू होते आणि सरळ समुद्राकडे जाते. कोणीतरी पट्टी ठेवून ओढली असणार, वाळवंट असं सरळ कधी संपत नाही. निम्म्यावर आलो होतो तेव्हा टेबलावर सावली पडली.

"कोणी सांगितलं हे करायला?"

"कोणी नाही, साहेब. सुट्टीत करतोय. माल फेकायचाच आहे."

"मालाचं विचारलं का मी? तुला काल काय म्हटलं?"

तेव्हा सुटली जीभ. "साहेब, आपण सव्वीस जानेवारीचा नकाशा फाडला होता."

"ते वेगळं. तो आपला देश आहे."

"हा तिचा आहे."

"अरे, तिचा देश आहे की नाही हेच तर ठरलेलं नाही!"

"म्हणूनच तुटक आहे ना, साहेब. तुम्ही म्हणताय तेच लावतोय मी. ठरलेलं नाही, एवढंच. मी जे पुसलं त्याचा अर्थ ठरलं असा होतो. ठरवणारा मी कोण? मी नववी."

त्यांनी वळून दुकानाच्या दाराकडे पाहिलं. रागावले होते, पण नुसते रागावलेले नव्हते, घाबरलेलेही होते. त्यांचीही दोन मुलं इथे शाळेत आहेत, त्यांचंही कार्ड दर दोन वर्षांनी नवं होतं. हे मला दिसत होतं आणि तरी माझा राग कमी होत नव्हता, कारण भीती मलाही होती आणि माझ्या हातात चिमटा होता.

"खालचं दुकानाचं नाव झाक," ते शेवटी म्हणाले. "आणि मी काही पाहिलं नाही. खलास."

कोपऱ्यातल्या नावावर मी समुद्राच्याच निळ्याची पट्टी लावली.

बाई संध्याकाळी पाचला आली. बोर्डाजवळ उभी राहून तिने रेघेवरून बोट फिरवलं, पूर्वेकडून पश्चिमेकडे. माझ्या तुकड्यांचे काठ तिच्या बोटाला लागत असणार, छापील रेघ तशी हाताला लागत नाही. किनाऱ्यापाशी ती थांबली. मी शेवटचा तुकडा काठाच्या जरा अलीकडे संपवला होता, बारीकशी फट राहिली होती.

"इथे पण," ती म्हणाली. "समुद्रापर्यंत. इथेच तर मासे."

मी चिमटा पुढे केला. तिने तो घेतला नाही. एक काळा तुकडा नखाने उचलला, फटीत ठेवला आणि अंगठ्याने दाबून धरला. बराच वेळ दाबून धरला, एवढा वेळ स्टिकरला लागत नाही. मग म्हणाली, "यल्ला," चला, आणि आम्ही दोघांनी बोर्ड गाडीत आडवा घातला.

गुरुवारी दुपारी दुकानाच्या मोबाइलवर तिने फोटो पाठवला. टेबलावर चहाचे छोटे पेले, वाटीत वाळू, मागे नकाशा. मुलगी डोक्यावरून अंगाभोवती एकच लांब फुलाफुलांचं कापड गुंडाळून उभी. आमच्या लुगड्यासारखं वाटलं मला. रेघ स्पष्ट दिसत होती. टेबलावर शाळेने ठेवलेलं कार्डही दिसत होतं. शेजारच्या टेबलांवर इजिप्त आणि फिलिपीन्स असं छापलेलं अर्धवट वाचता येत होतं. हिच्या कार्डावर तिचं नाव आणि खाली नुसतं 'आफ्रिका'. अख्खा खंड देऊन टाकला पोरीला! तिच्या मागे दोन मीटरचा नकाशा होता, त्यावर तिने स्वतःच्या अक्षरात देशाचं नाव लिहिलं होतं, आणि पुढ्यातलं कार्ड छापणाऱ्याला तेवढं वाचता आलं नाही.

रविवारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून पत्र दिलं. इंग्रजीत, अरबाबच्या ऑफिसच्या शिक्क्याचं. त्यांनी काही पाहिलं नव्हतं, पण फोटो दुकानाच्या मोबाइलवर आला होता आणि तो मोबाइल अरबाबचा मुलगा बघतो. छापलेल्या फाइलमध्ये ती रेघ नाही हे त्याने ताडून पाहिलं होतं.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

"ग्राहकाच्या मालात परवानगीशिवाय बदल केला. पहिली ताकीद. सही कर, विषय संपव."

मी पेन घेतलं आणि माझा हात थांबला. परवानगीशिवाय बदल मी केला होताच, आदल्या रविवारी. तिची हद्द तिला न विचारता पुसली तो बदल. त्याचं पत्र मला कोणी दिलं नाही, त्यावर विनोद झाला. बुधवारी होतं तसं परत करून दिलं, त्याचं पत्र. साहेबांना हे बोलून दाखवावं असं वाटलं, पण बोलून झालेलं होतं. मी सही केली आणि सहीखाली मराठीत लिहिलं: 'रेघ मी चुकून पुसली होती. ती ग्राहकाच्या फाइलप्रमाणे परत लावली. लावली ती चूक नाही.'

"हे काय? मराठीत लिहिलेलं इथे कोण वाचणार आहे?"

"तुम्ही वाचा ना, साहेब. तुम्हाला येतं."

त्यांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मग पत्र फाइलमध्ये लावून ड्रॉवरमध्ये टाकलं आणि सीफच्या फलकांचं माप विचारलं. मी सांगितलं.

पुढच्या महिन्यात माझा व्हिसा नवा करायचाय. शिफारस साहेबांची लागते. अजून ते काही बोललेले नाहीत आणि मीही विचारलेलं नाही.